तरही मिसरा आणि जाहिरातीची घाई

ईद असो, गणपती असो की दिवाळी, सण आठ दिवसांवर आला की दुकानदाराला जाहिरात आठवते. मिठाईवाला, कापडवाला, क्लासवाला, दवाखानेवाला, सगळ्यांना फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज काहीतरी टाकायचं असतं. मराठीत हवं, हिंदीत हवं, जमलं तर उर्दूत हवं आणि उद्या सकाळपर्यंत हवं. त्यासाठी आता ‘कंटेंट’ असा एक शब्द रूढ झालाय. उर्दू माध्यमातून शिकून बाहेर पडलेली आमची काही मुलं-मुली पुण्या-मुंबईच्या छोट्या एजन्सीत हेच काम करतात. भेटली की त्यांची तक्रार बहुतेक एकच असते : ‘टीचर, पाच-सहा जण एका टेबलाभोवती बसतो, दोन तास जातात, दोघंच बोलतात, आणि शेवटी साहेबांची ओळ छापली जाते.’

एकत्र बसलं की सुचतं आणि लवकर सुचतं, या समजुतीला स्वतःचा इतिहास आहे. गेल्या शंभर वर्षांत जाहिरातवाल्यांनी कवींच्या, नटांच्या, चित्रकारांच्या एकत्र काम करण्याच्या रीती कधी कळत, कधी नकळत उचलल्या. त्यातल्या काही फळल्या, काहींचा नुसता गाजावाजा झाला. कोणती रीत का फळली हे पाहिलं, तर त्या टेबलाभोवती गप्प बसणाऱ्या मुलांविषयीही काही कळतं.

ऑसबर्न यांचे चार नियम

अॅलेक्स ऑसबर्न हे न्यूयॉर्क राज्यातले जाहिरातवाले. १९१९मध्ये त्यांनी ब्रूस बार्टन आणि रॉय डर्स्टीन यांच्यासोबत एजन्सी काढली. १९२८मध्ये ती जॉर्ज बॅटन यांच्या जुन्या कंपनीत विलीन झाली आणि ‘बीबीडीओ’ हे आजही चालणारं नाव तयार झालं. १९३०चं दशक संपत आलं तेव्हा ऑसबर्न यांना एक गोष्ट खटकत होती. बैठकीत कुणी कल्पना मांडली की दुसरा लगेच तिच्यातली खोट काढतो. मग पहिला गप्प होतो आणि तिसरा तोंडच उघडत नाही.

त्यावर त्यांनी चार नियम घातले. बैठक चालू असताना कुणावरही टीका करायची नाही. कल्पना कितीही वेडगळ वाटली तरी चालेल. जितक्या जास्त तितक्या बऱ्या. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, दोन जोडून तिसरी करायची. या पद्धतीला ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हे नाव मिळालं. १९४८च्या ‘युअर क्रिएटिव्ह पॉवर’ आणि १९५३च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकांनी ते जगभर नेलं. कारखाने, लष्कर, सरकारी खाती, शाळा, सगळीकडे लोक खुर्च्या गोल मांडून बसू लागले. आम्ही बी.एड.ला होतो तेव्हा पाठ टाचणात ‘बुद्धिमंथन’ असा रकाना भरायचो, त्याचं मूळ या जाहिरात एजन्सीत आहे.

ऑसबर्न यांच्या पुस्तकात एक उल्लेख असा आहे की हिंदुस्थानातले धर्मगुरू चारशेहून अधिक वर्षं अशीच पद्धत वापरत आले असून तिला ‘प्राइ-बार्शना’ म्हणतात. आपल्याकडे हा दाखला ‘बघा, हेही आमचंच’ म्हणून पुढे केला जातो. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द पटत नाही. तो धड संस्कृतही वाटत नाही आणि धड कुठल्या लोकभाषेतलाही वाटत नाही. एका अमेरिकन पुस्तकातल्या एका वाक्यावर वारशाची इमारत उभी करू नये. आपल्याकडे याहून पक्के दाखले आहेत, ते पुढे येतील.

ऑसबर्न यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. गटाने बसणं ही एकट्याच्या विचाराला पूरक गोष्ट आहे, तिने एकट्याच्या विचाराची जागा घेऊ नये, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. गटात शक्यतो सारख्या दर्जाची माणसं असावीत, म्हणजे हाताखालच्याला साहेबाचा धाक वाटणार नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. लोकांनी गोल खुर्च्या तेवढ्या उचलल्या आणि ही दोन पथ्यं सोडून दिली.

येलमधली मोजणी

१९५८मध्ये येल विद्यापीठातल्या डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक या तिघांनी ही पद्धत मोजून पाहिली. त्यांनी ९६ विद्यार्थी घेतले. ४८ जणांचे चौघाचौघांचे १२ गट केले, उरलेल्या ४८ जणांना एकेकटं बसवलं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि तेच चार नियम दिले. नंतर एकेकट्या बसलेल्यांच्या याद्या चौघाचौघांच्या हिशेबाने एकत्र केल्या आणि दोनदा आलेली कल्पना एकदाच मोजली. तरीही एकट्यांच्या जोडलेल्या याद्यांत प्रत्यक्ष गटांपेक्षा जवळपास दुप्पट कल्पना निघाल्या.

कुणी म्हणेल, ती विद्यार्थ्यांची गोष्ट, कामावरच्या माणसांचं काय? १९६३मध्ये मार्विन डनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘थ्री-एम’ या कंपनीतल्या ४८ संशोधकांवर आणि ४८ जाहिरात कर्मचाऱ्यांवर तसाच प्रयोग केला. तिथेही एकट्याने लिहिणारे पुढे राहिले. आधी गटात बसून मग एकट्याने लिहिलं, तर काम आणखी चांगलं होतं असंही दिसलं.

असं का होतं, याचा छडा १९८७मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी लावला. तीन कारणं समोर होती. लोक हसतील ही भीती, दुसरे करतीलच म्हणून आपण अंग काढून घेणं, आणि एका वेळी एकच माणूस बोलू शकतो ही साधी अडचण. त्यांच्या प्रयोगात तिसरं कारण सगळ्यांत भारी ठरलं. दुसरा बोलत असतो तेव्हा आपल्याला ऐकावं लागतं, आणि आपली पाळी येईपर्यंत आपली कल्पना विसरते किंवा फिकी वाटू लागते. सहा जण टेबलाभोवती बसले की एक बोलतो आणि पाच जणांची डोकी थांबतात. घाईच्या कामात याहून महागडी गोष्ट नाही.

भीतीचं कारण प्रयोगात दुय्यम ठरलं असेल. तिथली मुलं एकाच विद्यापीठातली, एकच भाषा बोलणारी होती. आपल्याकडे घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि ऑफिसात इंग्रजी अशा चार भाषांतून वाट काढत आलेल्या मुलीला ‘ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर?’ ही धास्ती असते. ती मनातल्या मनात वाक्य सुधारत बसते, तोवर विषय पुढे गेलेला असतो.

मुशायऱ्यातली रीत

आधी एकट्याने लिहायचं आणि मग सगळ्यांसमोर आणायचं, ही रीत उर्दूवाल्यांच्या चांगली ओळखीची आहे. तरही मुशायऱ्यात एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, आधीच जाहीर केली जाते. तिलाच ‘मिसरा-ए-तरह’ म्हणतात. त्या ओळीबरोबर वृत्त ठरतं, रदीफ ठरते, काफिया ठरतो. शायर आपापल्या घरी जातात, त्याच जमिनीवर आपली गझल रचतात आणि ठरलेल्या रात्री ती ऐकवतात.

एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीत आणि लखनौत ही रीत भरात होती. जौक, गालिब, मोमिन यांच्या काळातली दिल्ली अशा मैफलींवर जगत होती. पुढे छापखाने वाढले तशी ‘गुलदस्ता’ नावाची मासिकं निघाली. एका अंकात मिसरा जाहीर व्हायचा, गावोगावचे शायर टपालाने गझला पाठवायचे आणि पुढच्या अंकात त्या एकत्र छापल्या जायच्या. लखनौचं ‘पयाम-ए-यार’ हे त्यातलं गाजलेलं नाव. लहान गावातल्या, दरबाराशी काही संबंध नसलेल्या माणसाचा शेर त्यामुळे मोठ्या उस्तादाच्या शेजारी छापला जाऊ लागला. दिल्लीच्या मैफलीत त्याला पहिल्या रांगेत बसायला मिळालं नसतं, पण टपालाच्या पाकिटाला रांग नव्हती.

या रीतीत आणखी एक टप्पा असतो, ‘इस्लाह’. शागिर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो, उस्ताद शब्द बदलतो, ओळ खोडतो, कधी शेरच काढून टाकतो. हे चार लोकांसमोर होत नाही, मैफलीच्या आधी खासगीत होतं. सुचणं वेगळ्या वेळी आणि तपासणं वेगळ्या वेळी, हा ऑसबर्न यांच्या चार नियमांचा गाभा इथे आधीपासून होता.

मराठी-संस्कृतातली समस्यापूर्ती याच कुळातली. शेवटचा चरण दिलेला असतो, बाकीचा श्लोक कवीने रचायचा. आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडांतले सवाल-जवाब यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे उत्तर जागच्या जागी द्यायचं असतं. पण त्यामागे वर्षानुवर्षांचं पाठांतर असतं आणि पाठीशी वाद्यांसकट झिलकरी उभे असतात. जागेवर सुचतं ते आधीच्या तयारीवर.

जाहिरातीच्या भाषेत ‘ब्रीफ’ म्हणतात तो खरं तर मिसरा-ए-तरह असायला हवा. एकच ओळ, पण तिने मोजमाप पक्कं केलेलं. ‘दिवाळीसाठी काहीतरी छान लिहा’ हा मिसरा होत नाही. ‘गावाबाहेर नोकरी करणाऱ्याने घरी फराळाचा डबा पाठवावा’ हा होतो. पहिल्यावर दोन तास चर्चा होते, दुसऱ्यावर वीस मिनिटांत चार ओळी मिळतात.

फिरता कागद

विसाव्या शतकात युरोपात कागदावरची एक रीत दोन वेगळ्या ठिकाणी दिसते. १९२५च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों, इव्ह तांगी, जाक प्रेव्हेर ही अतिवास्तववादी मंडळी एक खेळ खेळायची. एकाने कागदावर शब्द लिहायचा, कागद दुमडून पुढच्याकडे द्यायचा, त्याने आधीचं न बघता पुढचा शब्द लिहायचा. शेवटी कागद उघडला की कुणाही एकाला सुचलं नसतं असं वाक्य तयार व्हायचं.

१९६८मध्ये जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांनी विक्री आणि बाजारपेठ या विषयाला वाहिलेल्या एका नियतकालिकात ‘६-३-५’ नावाची पद्धत मांडली. सहा माणसं, प्रत्येकाने तीन कल्पना, पाच मिनिटांत, बोलणं बंद. पाच मिनिटं झाली की कागद शेजाऱ्याकडे. तो आधीच्या तीन कल्पना वाचतो आणि खाली आपल्या तीन लिहितो. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना कागदावर येतात. इथे कागद दुमडलेला नसतो, आधीचं वाचूनच पुढे जायचं असतं. पण दोन्ही ठिकाणी फिरतो तो कागद, आवाज नाही. त्यामुळे सहाही डोकी एकाच वेळी चालतात, आणि ज्याला चार लोकांत बोलता येत नाही त्याच्याही तीन ओळी कागदावर असतात.

१०८मधल्या शंभर ओळी टाकाऊ असतील. पण मोठ्या आवाजाच्या माणसाची एकच ओळ घेण्यापेक्षा आठ बऱ्या ओळींतून एक निवडणं कधीही चांगलं.

दोघांची खोली

गट लहान करत न्यायचा तर कुठपर्यंत? १९४९मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ‘डॉयल डेन बर्नबाख’ या एजन्सीने उत्तर दिलं : दोघांपर्यंत. त्याआधी बहुतेक ठिकाणी मजकूर लिहिणारा आपल्या खोलीत मजकूर लिहायचा आणि तो चित्रकाराच्या विभागाकडे धाडायचा. तिथे चित्र व्हायचं, नापसंत पडलं की कागद परत. बिल बर्नबाख यांनी १९४०च्या दशकात पॉल रँड या चित्ररचनाकाराबरोबर खांद्याला खांदा लावून काम केलं होतं. स्वतःची एजन्सी निघाल्यावर त्यांनी लेखक आणि चित्रकार यांना एकाच खोलीत बसवलं.

गाण्याच्या धंद्यात ही जोडी जुनीच. गीतकार आणि संगीतकार समोरासमोर बसतात, आपल्या सिनेमावाल्यांच्या भाषेत ‘सिटिंग’ करतात. एकाकडे शब्द, दुसऱ्याकडे सूर, त्यामुळे दोघांना एकमेकांची गरज असते आणि हद्द ठरलेली असते.

१९५९मध्ये याच रीतीतून फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची जाहिरात निघाली. लेखक ज्युलियन कोनिग, चित्रकार हेल्मुट क्रोन. मोठ्या गाड्यांच्या अमेरिकेत त्यांनी पानभर पांढरी जागा सोडून कोपऱ्यात इवलीशी गाडी ठेवली आणि ‘छोटा विचार करा’ असं सुचवणारे दोनच शब्द खाली दिले. ती पांढरी जागा लेखकाला एकट्याने सुचली नसती आणि ते दोन शब्द चित्रकाराला एकट्याने सुचले नसते. १९९९मध्ये अमेरिकेतल्या ‘अॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकाने शतकातल्या जाहिरात मोहिमांत या मोहिमेला पहिला क्रमांक दिला.

मुंबई : रंगमंचावरून फलकावर

मुंबईतल्या जाहिरातीच्या जगात तालमीची रीत आली ती नाटकवाल्या माणसांबरोबर. ‘लिंटास’चे प्रमुख झालेले अलेक पदमसी हे खोजा मुस्लिम कुटुंबातले, इंग्रजी रंगभूमीवरचे मोठे दिग्दर्शक. १९७४मध्ये त्यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणलं, आणि त्यांच्याच कारकिर्दीत लिरिलची धबधब्यातली मुलगी आणि सर्फची ललिताजी घराघरांत पोचली. तालमीत वाक्य मोठ्याने म्हणून बघतात, नटाच्या जिभेवर अडखळलं तर बदलतात. सूचना सगळे करतात, पण शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा असतो, आणि हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं.

घाईच्या लेखनाचा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ नमुना म्हणजे अमूल लोण्याचे फलक. १९६६मध्ये हे काम सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या एजन्सीकडे आलं. तेही नाटकाशी जवळीक असलेले. ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली मुलगी काढली युस्टेस फर्नांडिस यांनी. ‘अटर्ली बटर्ली’ ही जोड घरातल्या बोलण्यातून जुळली आणि तिच्यात सिल्व्हेस्टर यांच्या पत्नी निशा दाकुन्हा यांचा वाटा होता. त्या इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापिका आणि कथालेखिका. दुसरा शब्द कोशात नाही, व्याकरणात बसत नाही, पण कानाला बसतो. व्याकरण शिकवणाऱ्या बाईच्या घरात तो चालून गेला याची मला गंमत वाटते.

पुढे ताज्या बातम्यांवरचे फलक सुरू झाले. आज घडलेल्या गोष्टीवर उद्या-परवा कोटी लागली पाहिजे, नाहीतर शिळी. १९९०च्या दशकापासून राहुल दाकुन्हा, शब्द लिहिणारे मनीष झवेरी आणि चित्र काढणारे जयंत राणे या तिघांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. गोल टेबल नाही, वीस माणसांची सभा नाही. मिसरा कायमचा ठरलेला : तीच मुलगी, एक बातमी, एक कोटी, कुठेतरी लोणी. तिघांची हद्द ठरलेली आणि एकमेकांच्या विनोदाची नस ठाऊक.

पण नुसत्या तिघांमुळे हे झालं नसतं. डॉ. व्हर्गिस कुरियन यांनी सुरुवातीलाच या मंडळींना मोकळीक दिली होती की प्रत्येक फलक आधी मंजुरीसाठी आणंदला पाठवायची गरज नाही. ही मोकळीक नसती तर कोटी मंजूर होईपर्यंत बातमी जुनी झाली असती. घाईच्या लेखनात वेळ लिहिण्यात कमीच जातो. तो जातो ‘साहेबांना दाखवतो’, ‘मालकांना विचारतो’, ‘थोडं आणखी खुलवा’ यांत. कुरियन यांनी विश्वास टाकला आणि तो वेळ वाचला.

गप्प बसलेली मुलगी

या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की फळलेल्या रीतींत काही खुणा सारख्या दिसतात. मिसरा आधी ठरलेला असतो. पहिलं लिखाण एकट्याने किंवा शांतपणे होतं. एकत्र येणं त्यानंतरचं. तपासणी वेगळ्या वेळी आणि नरमाईने होते. आणि निवड कोण करणार हे पहिल्यापासून ठाऊक असतं.

एजन्सीत काम करणाऱ्या मुलांना मी म्हणते, उद्या बैठक असेल तर साहेबांकडून एका ओळीचा मिसरा मागून घ्या. दहा मिनिटं कुणी बोलू नका, कागदावर लिहा, कोणत्याही लिपीत लिहा. कागद फिरवा. मग एकाच माणसाने सगळ्या ओळी नाव न घेता मोठ्याने वाचाव्यात. नाव न घेता वाचली की ओळ साहेबांची की शिकाऊ मुलीची हे कळत नाही आणि दाद ओळीला मिळते. निवड झाल्यावर मात्र नाव जरूर घ्या. तरही मुशायऱ्यात जमीन सगळ्यांची एक असते, पण शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस घालतो. श्रेय गिळणाऱ्या टेबलावर पुढच्या वेळी कुणी चांगली ओळ ठेवत नाही.

आता तर यंत्राला सांगितलं की ते क्षणात पन्नास ओळी काढून देतं. म्हणजे संख्येचा प्रश्न सुटला, ऑसबर्न यांचा तिसरा नियम यंत्राने एकट्यानेच पाळला. उरतं ते मिसरा ठरवणं आणि इस्लाह. आमच्या मोहल्ल्यातला बेकरीवाला रमजानमध्ये कोणत्या शब्दांनी गिऱ्हाइकाला हाक मारतो, मराठी शेजारीण त्याच्याकडून शीरखुर्म्याच्या शेवया कोणत्या नावाने मागते, हे त्या टेबलावर कुणाला माहीत असेल तर दोन्ही भाषांत वाढलेल्या त्या मुलीला. तिची ओळ कागदावर यायला दहा मिनिटांची शांतता लागते. तेवढी न देणारी एजन्सी रमजानची जाहिरात चंद्रकोर आणि कंदिलाच्या तयार चित्रावर भागवते, आणि बेकरीवाल्याचं गिऱ्हाईक ती न वाचताच पुढे सरकतं.